ब्रांकुशीचं अंडं, ब्रांकुशीचे पक्षी आणि आमचं इंदूर

अमेरिकेत डॅलसच्या आर्ट म्युझियममध्ये कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराचं एक शिल्प आहे, 'जगाचा आरंभ', साधारण १९२० चं. वर पांढऱ्या संगमरवराचं एक आडवं ठेवलेलं अंडं, त्याच्याखाली घासून घासून आरशासारखी केलेली धातूची गोल तबकडी, आणि तबकडीच्या खाली दगडाची बैठक, अधिकच्या चिन्हासारखी चारी बाजूंना हात पसरलेली. बस्स, एवढंच. मी डॅलसजवळ राहते, म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे वेळ मिळाला की जाते आणि बाकी काही बघितलं नाही तरी याच्यासमोर उभी राहून येते. ओळखीच्या लोकांना घेऊन गेले की ते आधी अंड्याकडे बघतात, मग पाटी वाचतात, मग म्हणतात हो छान आहे, आणि पुढे जातात. मला दरवेळी त्यांचा हात धरून सांगावंसं वाटतं की अरे खाली बघ ना, तबकडीत बघ, आणि मग त्याच्याही खाली बघ. म्हणून आज हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, कारण या दगड आणि चकचकीत धातूच्या जोडीबद्दल मराठीत मला फारसं काही वाचायला मिळालेलं नाही आणि त्यातला एक धागा तर थेट आपल्या होळकरांपर्यंत जातो.

आधी साधी गोष्ट. उजेड. तबकडी का चकाकते? कुठल्याही पृष्ठभागावर बारीक खाचखळगे असतातच, ते घासत घासत इतके लहान केले की प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान झाले, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या खाली गेले, की उजेड इकडेतिकडे न फुटता सरळ परत येतो आणि आरसा तयार होतो. संगमरवराचं वेगळंच. त्याच्यात कॅल्साइटचे स्फटिक असतात आणि उजेड त्यांच्यात थोडा आत शिरतो, काही मिलिमीटर, आत फिरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो, म्हणून संगमरवराला त्वचेसारखं काहीतरी असल्याचा भास होतो. आणि चुनखडीचा दगड, ज्याच्या ब्रांकुशीने कितीतरी बैठका केल्या, तो उजेडाला आत घेत नाही आणि नीट परतही पाठवत नाही, नुसता विखरून टाकतो. गंमत म्हणजे चुनखडी आणि संगमरवर हे रसायन म्हणून एकच, कॅल्शियम कार्बोनेट, पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने चुनखडीचाच संगमरवर होतो. म्हणजे वरचं गुळगुळीत आणि खालचं खरखरीत हे भाऊ-बहीण असू शकतात, आणि मधला धातू तेवढा परका.

आणि तो परका काय करतो? अंड्याचं खालचं अंग, जे आपल्याला कधीच दिसलं नसतं, ते तबकडीत दिसतं. अंडं एक न राहता दोन होतं, वरचं जड आणि खालचं बिनवजनाचं, आणि दोघं जिथे टेकतात तो बिंदू इतका लहान आहे की अंडं टेकलंय का तरंगतंय हे कळेनासं होतं. आता तबकडीच्या जागी लाकडाची फळी आहे असं डोळ्यांसमोर आणा. दगडाचा एक गोटा फळीवर ठेवलाय, संपलं. धातूमुळे दगडाचं वजन जातं आणि दगडामुळे धातूची चमक नुसती शोभेची राहत नाही, तिला काहीतरी धरून ठेवायचं काम मिळतं. माझं या सगळ्या प्रकारच्या शिल्पांबद्दलचं एकच म्हणणं आहे आणि ते हेच, की दोघांनी एकमेकांसाठी काम केलं पाहिजे. शेजारी शेजारी उभं राहून भागत नाही.

आपल्याला तर ही जोडी नवी नाहीच. कितीतरी मराठी घरांत देवघरात नर्मदेतला बाण असतो पितळेच्या शाळुंकेत बसवलेला. आमच्या घरीही होता. बाण कुणी घडवलेला नसतो, नदीनेच गोटा घासून घासून अंड्यासारखा केलेला असतो, आणि शाळुंका माणसाने ओतलेली, तिला चिंच लावून लख्ख करायचं, बाणाला फक्त पाणी. दगडाला चिंच लावायची नाही हे आम्हाला लहानपणीच कळलेलं. डॅलसमधलं अंडं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला लगेच तेच आठवलं आणि पाटीवरचं नाव वाचून हिरण्यगर्भसूक्तही आठवलं, सगळ्याच्या आधी तो सोन्याचा गर्भ होता वगैरे. ब्रांकुशीच्या डोक्यात हे होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, तो रुमेनियातल्या एका खेड्यातला, होबित्सा नावाचं गाव, जन्म १८७६, त्याच्याकडे त्याच्या गावची लाकडी कोरीव दारं आणि लोककथा होत्या. पण बघणारा जे घेऊन जातो तेही शिल्पात येतंच, आणि मी बाण घेऊन गेले होते.

हे अंडं एका दिवसात आलेलं नाही. १९०४ मध्ये तो पॅरिसला पोचला, १९०७ मध्ये काही काळ रोदँ या तेव्हाच्या नावाजलेल्या शिल्पकाराच्या स्टुडिओत काम केलं आणि लवकरच सोडलं, मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही असं काहीतरी म्हणून. मग १९१० मध्ये 'झोपलेली म्यूज' (म्यूज म्हणजे ग्रीक कथांमधली कलेची देवी) आलं, एका बाईचं डोकं आडवं ठेवलेलं, मान नाही, खांदे नाहीत. नाक डोळे आहेत पण विरघळायला लागलेले. पुढच्या दहा वर्षांत ते डोकं हळूहळू नितळ होत गेलं, नाक गेलं, डोळे गेले, केस गेले आणि शेवटी अंडं उरलं. म्हणजे अमूर्त म्हणजे काहीही गोल-चौकोनी करून ठेवलं असं नसतं, निदान इथे तरी नाही, इथे एका माणसाने दहा वर्षं एक एक गोष्ट काढून टाकली आणि दरवेळी बघितलं की अजून जीव आहे का. हे मला फार मोठं वाटतं.

आता पॉलिशबद्दल, कारण तो या विषयातला गाभा आहे आणि लोक त्याला फिनिशिंग समजून सोडून देतात. त्या काळात ब्राँझचा पुतळा म्हणजे त्याला काळपट-हिरवट रंग चढवायचा ही पद्धत, रोदँची सगळी ब्राँझ आठवा. ब्रांकुशीने उलटं केलं. ओतून आलेला तुकडा फाउंड्रीतून घ्यायचा आणि कानशीने, मग पॉलिश पेपरने, मग अजून बारीक पावडरने घासत बसायचं, ओतकामाची साल पूर्ण निघून आतलं सोनेरी दिसेपर्यंत, आणि हे काम तो बहुतेक स्वतःच्या हाताने करायचा. यात एक गोष्ट लक्षात घ्या की घासताना धातू निघतो, म्हणजे आकार बदलतो, केसाएवढा का होईना. म्हणून त्याचे एकाच नावाचे दोन ब्राँझ एकमेकांच्या कॉप्या नसतात, प्रत्येकाची जाडी, पोटाचा फुगवटा, टोकाचा तिरपेपणा वेगळा. इथे पॉलिश म्हणजे कोरकामच. त्याचं स्वतःचं म्हणणं असं होतं की अगदी टोकाला जाऊन पोचलेल्या काही आकारांना, काही पदार्थांमध्ये, चकाकी ही गरजच असते पण सगळीकडे ती चालत नाही आणि काही आकारांचं तर ती नुकसान करते. आजच्या स्टेनलेस स्टीलवाल्यांनी हे वाक्य स्टुडिओत लिहून लावावं इतकं ते मला पटतं.

आणि चमक टिकत नाही हो. पितळ, ब्राँझ दोन्ही हवेत काळवंडतात, कुणी बोट लावलं की घामातल्या मिठाने आणि आम्लाने ठसा उमटतो आणि तो ठसा काही दिवसांनी धातूत कोरला जातो. घासावं तर धातू झिजतो आणि लॅकर मारावं तर चमक बदलते. म्हणून म्युझियमवाले ग्लोव्ह्ज घालूनच हात लावतात आणि या कामांच्या आसपास इतके कडक असतात. दगडाला तशी घाई नाही. एकाच शिल्पात एक वस्तू रोज सांभाळावी लागणारी आणि दुसरी अशी की तिला आपल्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही.

ब्रांकुशीला हे कॅमेऱ्यातही पकडायचं होतं. मॅन रे या फोटोग्राफरने त्याला कॅमेरा आणि डार्करूमच्या कामात मदत केली आणि मग तो स्वतःच्या शिल्पांचे फोटो स्वतःच काढायला लागला, दुसऱ्यांनी काढलेले त्याला आवडायचेच नाहीत. त्याचे फोटो बघितलेत तर कुठल्याही फोटोग्राफरने फेकून दिले असते असे आहेत काही काही, पितळेवर उजेडाचा असा स्फोट झालाय की शिल्पाची कडाच दिसत नाही. पण त्याला तोच क्षण हवा होता, धातू वस्तू राहत नाही आणि नुसता उजेड होतो तो. आणि त्याच फोटोंमध्ये खालचा दगड मात्र एकदम स्पष्ट, छिन्नीच्या खुणांसकट.

बैठक. यावर मी थोडी अडून बसणार आहे.

आपल्याकडे पुतळ्याचा चौथरा म्हणजे पीडब्ल्यूडीचं काम, वर घोड्यावरचे महाराज हे शिल्पकाराचं. युरोपातही तसंच होतं. ब्रांकुशीने चौथरा स्वतःच घडवायला घेतला, चुनखडीचं नळकांडं, त्यावर क्रूस, त्याखाली ओकच्या लाकडाचा दातेरी ठोकळा, अशा दोन-दोन तीन-तीन तुकड्यांची उतरंड, आणि तिच्यावर चकचकीत पक्षी किंवा डोकं. लंडनच्या टेट म्युझियममध्ये 'मायास्त्रा' आहे १९११ चा, रुमेनियन गोष्टींमधला जादूचा पक्षी, ब्राँझचा, खाली दगडी बैठक, ती त्याने मुद्दाम खडबडीत ठेवलेली. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधला संगमरवरी मायास्त्रा तर तीन भागांच्या चुनखडीच्या बैठकीवर आहे आणि मधल्या भागात अर्धवट कोरलेल्या आकृत्या आहेत, म्हणजे बैठकीतच आणखी एक शिल्प. स्टुडिओत तो हे तुकडे हलवत राहायचा, आज या बैठकीवर हे, उद्या ते, आणि एखादं काम विकलं गेलं की त्याच्या जागी प्लास्टरची प्रत ठेवायचा कारण सगळ्यांचं मिळून जे जमलंय ते मोडायला नको. शेवटच्या वर्षांत तर त्याने नवीन फारसं काही केलंच नाही, हीच मांडामांड केली. १९५६ मध्ये त्याने सगळा स्टुडिओ फ्रान्स सरकारला दिला तो याच अटीवर, की आहे तसा मांडून ठेवायचा.

आणि सगळ्यात भारी म्हणजे 'अनंत स्तंभ'. तो मुळात बैठकच आहे! एकावर एक ठेवलेले तेच ते ठोकळे, ज्यांच्यावर आधी दुसरं काही ठेवलं जायचं, १९१८ मध्ये त्याने ओकच्या लाकडात केला आणि वर काही ठेवलंच नाही. पुढे रुमेनियातल्या तिर्गू जिऊ गावात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकासाठी तोच स्तंभ बिडाचा ओतून, वर पितळेचा मुलामा देऊन, साधारण २९ मीटर उंच उभा केला. त्याच रांगेत गावाच्या दुसऱ्या टोकाला दगडाचं 'मौनाचं टेबल', भोवती १२ दगडी बैठकी, आणि मध्ये दगडाचं 'चुंबनाचं द्वार'. एक आख्खं गाव मध्ये घेऊन दगड एकीकडे आणि धातू दुसरीकडे. उद्घाटन ऑक्टोबर १९३८ चं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. म्हणून म्युझियमच्या दुकानात पोस्टकार्डावर पक्ष्याचा फोटो बैठक कापून छापतात ना, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. निम्मं शिल्प कापलंय ते.

पक्ष्यांचं आता. 'अंतराळातला पक्षी' ही त्याची मालिका १९२३ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षं चालली, काही संगमरवरात, काही ब्राँझमध्ये. पंख नाही, चोच नाही, एक लांब निमुळतं वळण, खाली बारीक होऊन पुन्हा थोडं पसरून दगडाच्या कड्यात रुतलेलं. पक्षी नाही उड्डाण करायचंय असं तो म्हणायचा. १९२६ मध्ये यातला एक ब्राँझ पक्षी न्यूयॉर्कला ब्रमर गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी बोटीने गेला, सोबत मार्सेल द्युशाँ हा कलाकार होता, आणि कस्टमवाल्यांनी म्हटलं ही कला नाही, हा धातूचा तयार माल आहे, स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या सदरात येतो, ४० टक्के ड्यूटी भरा. शिल्पाला ड्यूटी लागत नव्हती पण शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल असा आधीच्या एका निकालाचा अर्थ. तो पक्षी फोटोग्राफर एडवर्ड स्टायकेनने घेतलेला होता. केस झाली, जेकब एपस्टाइनसारख्या शिल्पकाराने साक्ष दिली, त्याला विचारलं गेलं की हा पक्षी आहे का आणि एखाद्या कारागिराने असाच पॉलिश केलेला दांडा केला तर काय. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की अशी एक नवी कला तयार झालेली आहे जी वस्तूची नक्कल न करता कल्पना दाखवायचा प्रयत्न करते, आणि आम्हाला ती पटो न पटो, तिचं अस्तित्व मान्य केलं पाहिजे. त्या केसमध्ये खरा अडथळा चकाकी होती असं मला वाटतं. तोच पक्षी काळवंडलेला, खडबडीत असता तर कस्टमवाल्याला तो कलेसारखा वाटला असता. चमक म्हणजे मशीन, चमक म्हणजे कारखाना, हे डोक्यात बसलेलं होतं, आणि एका माणसाने महिनोन्महिने हाताने घासून ती आणलीय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

इसामू नोगुची या शिल्पकाराचं थोडक्यात सांगते कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहते. न्यूयॉर्कमधलं ते १९२६ चं प्रदर्शन बघून हा बावीस वर्षांचा मुलगा वेडा झाला आणि १९२७ मध्ये फेलोशिप घेऊन थेट ब्रांकुशीच्या दारात. याला फ्रेंच येत नव्हतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं. कामाला लागला तो काय, चुनखडीचे ठोकळे सरळ कापायच्या. म्हणजे बैठका! आणि ब्राँझ घासायच्या. काही महिनेच राहिला पण पुढचं आयुष्यभराचं शिक्षण झालं ते तिथेच. म्हातारपणी जपानमधल्या मुरे गावात तो बसाल्टवर काम करायचा, त्याच जातीचा दगड ज्याचा आपला सह्याद्री आहे आणि ज्यात वेरूळ कोरलंय, आणि त्या दगडाची गंजल्यासारखी तपकिरी साल तशीच ठेवून फक्त एखादा भाग कापून काळाकुळकुळीत चमकवायचा. धातू न वापरता धातूचं काम दगडाकडूनच करून घेतलं त्याने. कोरियात जन्मलेल्या ली उफान या कलाकाराचं उलट आहे, तो दगडाला हातच लावत नाही, नदीतला किंवा डोंगरातला धोंडा निवडून आणतो आणि पोलादी पत्र्याच्या समोर ठेवतो. पत्राही दगडातूनच आलेला ना, लोखंडाचं खनिज म्हणजे दगडच, म्हणजे एक पूर्वज आणि एक वंशज आमनेसामने. २०१४ मध्ये त्याने व्हर्सायच्या बागेत स्टेनलेस स्टीलची प्रचंड कमान उभी केली आणि दोन्ही पायांशी एक एक धोंडा ठेवला. मला त्याचं काम ब्रांकुशीइतकं आत जात नाही, पण धोंडा निवडण्यातही किती कष्ट असतात हे त्याच्यामुळे कळलं.

हल्ली पुण्या-मुंबईत आणि इकडेसुद्धा टॉवरच्या लॉबीमध्ये दगड आणि स्टीलची शिल्पं ठेवायची फॅशन आली आहे, एक ग्रॅनाइटचा मोठा तुकडा आणि त्यातून निघालेली चकचकीत स्टीलची लाट. काही चांगली असतात. बऱ्याच ठिकाणी मात्र दगड म्हणजे निसर्ग आणि स्टील म्हणजे प्रगती असा सरळ हिशोब लावलेला असतो, दोघं एकमेकांना काहीच करत नाहीत. बघायची एक सोपी युक्ती सांगते, मनातल्या मनात दगड काढून टाका. धातू तेवढाच छान दिसत असेल तर दगड नुसता सजावटीला आहे.

आता इंदूर. मी इंदूरची, आमच्या चार पिढ्या तिथल्या, आणि माणिक बाग या होळकरांच्या राजवाड्याच्या रस्त्यावरून मी शाळेत असताना कितीदा गेले असेन, आणि ब्रांकुशी हे नाव मी ऐकलं ते अमेरिकेत येऊन. याची मला अजूनही हुरहुर लागते.

यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८, शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि ऑक्सफर्ड. वडील तुकोजीराव पायउतार झाल्यावर १९२६ मध्ये गादीवर, १९३० मध्ये पूर्ण अधिकार. राणी संयोगिताराजे या कागलच्या घाटग्यांच्या, म्हणजे कोल्हापूरचे शाहू महाराज ज्या घराण्यातले त्याच घराण्यातल्या. हे दोघं अगदी तरुण आणि त्यांनी एकार्ट मुथेसियुस नावाच्या तितक्याच तरुण जर्मन आर्किटेक्टकडून माणिक बाग बांधून घेतली, १९३० च्या सुमारास सुरुवात, ना घुमट ना झरोके, सरळ रेषांची आधुनिक इमारत, आत क्रोम, काच, रुलमान आणि आयलीन ग्रे या तेव्हाच्या नावाजलेल्या डिझायनरांचं फर्निचर आणि खुर्च्या. मॅन रेने त्या दोघांचे काढलेले फोटो बघा कधी, किती मोकळे आहेत. पॅरिसमध्ये लेखक आणि कलासंग्राहक आँरी-पिएर रोशे याने यशवंतरावांची ब्रांकुशीशी गाठ घालून दिली. महाराजांनी ब्राँझचा 'अंतराळातला पक्षी' घेतला आणि मग आणखी दोन करायला सांगितले, एक पांढऱ्या संगमरवरात, एक काळ्या.

आणि या तिघांसाठी इंदूरला एक देऊळ बांधायचं ठरलं. मुक्तीचं मंदिर, ध्यानमंदिर, अशा नावांनी त्याचा उल्लेख येतो. खिडक्या नसलेली एक छोटी वास्तू, आत जायचं ते जमिनीखालच्या वाटेने, आत पाण्याचं कुंड, तीन पक्षी, आणि उजेड फक्त वरून, छतातल्या एका झरोक्यातून, असा की सूर्य माथ्यावर आला की किरण सोनेरी पक्ष्यावर पडावा. कल्पना करा हो. काळा पक्षी उजेड गिळणार, पांढरा आत मुरवून घेणार, धातूचा परत फेकणार, आणि खाली पाण्यात तिघंही उलटे. डॅलसच्या त्या छोट्या तबकडीत जे आहे तेच, पण आत शिरता येईल एवढं. आपल्या माणसाला हे समजावून सांगायचीही गरज नव्हती, अंधाऱ्या गाभाऱ्यात वाकून जायचं आणि आत एकच गोष्ट उजळलेली, हे तर आपल्या हाडात आहे.

१९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः इंदूरला आला. साठी उलटलेला माणूस, तिर्गू जिऊचं काम अजून पूर्ण झालेलं नाही अशा मधल्या काळात. पण १९३७ च्याच उन्हाळ्यात संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या, जेमतेम विशीच ओलांडलेली. महाराज त्या मनःस्थितीत नव्हतेच. देऊळ राहिलं ते राहिलंच. ब्रांकुशी परत गेला, स्तंभ पूर्ण झाला, मग महायुद्ध. यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत गेले.

काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहेत, त्यांनी १९७३ मध्ये घेतले. पांढऱ्याच्या पायाशी चुनखडीचं कडं, काळ्याच्या पायाशी पांढऱ्या संगमरवराचं, आणि दोघांच्याही खाली वालुकाश्माच्या बैठका. बरं झालं जोडीने तरी आहेत. माणिक बागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोंटे कार्लोच्या लिलावात विकलं गेलं आणि आज त्या इमारतीत केंद्रीय कर खात्याचं, कस्टम आणि एक्साइजचं ऑफिस आहे. ज्या पक्ष्याच्या भावंडावर न्यूयॉर्कच्या कस्टमने ड्यूटी लावली, त्याच्या इंदूरच्या घरात आज कस्टम. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

२०१९ मध्ये पॅरिसच्या डेकोरेटिव्ह आर्ट्स म्युझियममध्ये यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन झालं, फ्रेंच लोक रांगा लावून इंदूरच्या महाराजांच्या खुर्च्या बघत होते. इंदूरमध्ये मात्र ब्रांकुशी इथे येऊन गेला हे सांगणारी एक पाटी मला कुठे दिसलेली नाही. पक्षी परत येणार नाहीत, ते मला कळतं. पण देवळाची कल्पना आपल्याकडे आहे, वर्णनं आहेत, नर्मदा दोन तासांवर आहे, आपल्याकडे काळा पाषाण आहे आणि पितळ घासणारे हात तर शहरात जागोजागी आहेत. एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांनी कुंड, झरोका आणि तीन रिकाम्या बैठकांसकट ती खोली खऱ्या मापात बांधून बघावी असं मला फार वाटतं, आणि पक्षी ज्यांच्यावर उभे राहायचे होते त्या बैठकांनाच आधी हात घालावा. आणि जुन्या इंदुरातल्या कुणा मराठी घरात, ज्यांचे आजोबा-पणजोबा तेव्हा होळकर दरबारी नोकरीला होते, त्या हिवाळ्यात आलेल्या पांढऱ्या दाढीच्या पाहुण्याबद्दल काही पत्र, नोंद, ऐकीव गोष्ट उरली असेल, तर ती लिहून ठेवा प्लीज, रद्दीत जायच्या आधी.